रेवदंडा ते वेळास: पंचांग बघून किनाऱ्यानं आठ दिवस

रायगडच्या किनाऱ्यावरून पायी जाणारे गट आधी मुक्काम ठरवतात आणि मग समुद्र आडवा आला की वैतागतात. क्रम उलटा हवा. आधी भरती-ओहोटी बघायची, मग तारीख ठरवायची, मुक्काम सगळ्यात शेवटी. रेवदंड्याहून निघून फणसाड अभयारण्य, दिवेआगरची पुळण (वाळूचा किनारा) आणि हरिहरेश्वरचा खडक करत वेळासच्या कासवांपर्यंत जाणारी ही वाट आठ दिवसांची आहे. त्यातले दोन दिवस जंगलाचे, बाकीचे वाळूचे, खडकाचे, खाड्यांचे आणि मधल्या डांबराचे.

कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पाणी भरतं. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हिशेबात पाऊण-एक तासाची चूक निघू शकते, म्हणून छापील तक्ता जवळ हवाच, पण तारीख निवडायला हा आडाखा पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी येतं. ते फार चढत नाही, पण पुरेसं उतरतही नाही. चालणाऱ्याला त्रास होतो तो या न उतरणाऱ्या पाण्याचा.

म्हणून निघायचं वद्य त्रयोदशीला. त्या दिवसांत सकाळी भरती असते, पुळणी पाण्याखाली जातात आणि आपण तेव्हा नेमके गडावर आणि जंगलात असतो. किनाऱ्यावर परत येईपर्यंत प्रतिपदा-द्वितीया उजाडते आणि सकाळची ओहोटी सात-आठच्या दरम्यान येते. ऊन चढायच्या आत कडक ओली वाळू पायाखाली मिळते. माघ वद्य त्रयोदशी सर्वात चांगली. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र येते, पण गट जंगलात असतो आणि हरिहरेश्वरला पोचेपर्यंत तिथली गर्दी ओसरलेली असते. फाल्गुन वद्यात निघालात तर चौथा दिवस गुढीपाडव्याचा. मुक्कामाच्या जागा महिनाभर आधी सांगून ठेवाव्या लागतात, ऊनही बरंच वाढलेलं असतं. मधल्या शिमग्याच्या दिवसांत मात्र ही वाट धरू नये. गावं पालख्यांत असतात, घरचं जेवण आणि वाटाड्या दोन्ही मिळणं कठीण.

गट दहा-बारा जणांचा असावा. याहून मोठा गट गावातल्या दोन घरांत मावत नाही आणि जंगलात त्याचा आवाज आवरत नाही. पाठीवरचं ओझं सात-आठ किलोच्या वर नको. रोज संध्याकाळी गाव लागतं, त्यामुळे तंबू आणि शिधा वाहण्याची गरज पडत नाही. वाळूसाठी पट्ट्याच्या मजबूत सँडल आणि जंगलासाठी घोटा झाकणारे बूट, असे दोन जोड घ्या. एकच जोड घेतला तर तो पहिल्याच खाडीत भिजतो, मीठ धरतो, आणि खारट ओल्या मोज्यात वाळू घासून तिसऱ्या दिवशी टाचांना फोड येतात. रोज मुक्कामी पोचल्यावर आधी पाय गोड्या पाण्यानं धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, मगच चहा.

पहिला दिवस: रेवदंडा, कोर्लई, काशीद

रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीतून सकाळी सातपर्यंत बाहेर पडायचं. कुंडलिकेच्या खाडीवरचा साळावचा पूल ओलांडताना थांबून दोन्ही काठ बघून घ्या, कारण पुढचे आठ दिवस हीच झाडं वेगवेगळ्या क्रमानं भेटत राहतात. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी श्वसनमुळं वर काढणारा तिवर, कमानीसारख्या आधारमुळांवर उभा असलेला कांदळ, आणि खाडीच्या तोंडाशी, जिथे खारेपणा जास्त तिथे, पांढरी चिपी. हिला महाराष्ट्रानं 2020 साली राज्याचं कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. कडेच्या मारांडीची पानं काटेरी असतात. फांदी तोडली की दूध येणारं कुठलंही खाजणातलं झाड असेल तर त्याला हात लावू नका. हुऱ्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळे जबर जळतात.

नकाशावर खाडीचा काठ जवळचा दिसतो म्हणून कांदळवनातून वाट काढायचा मोह होतो. तो टाळा. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. रुतलात तर पाय उपसत बसू नका, त्यानं दुसरा पाय आणखी खोल जातो. पाठपिशवी काढून पुढे टाकायची, तिच्यावर छाती टेकायची आणि गुडघे वळवत आडवं सरकायचं. शिवाय श्वसनमुळं तुडवली की झाडाला त्या मुळाकडून हवा मिळणं थांबतं. दहा जणांच्या एका फेरीनं पडलेली वाट गाळात बराच काळ दिसत राहते.

कोर्लईचा गड समुद्रात घुसलेल्या भूशिरावर आहे. दीपगृहाच्या बाजूनं पायऱ्यांनी चढलात की अर्ध्या तासात माथा. गडाखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळीतून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलतात. गावातून जाताना ती कानावर पडली तर दोन मिनिटं थांबा, अशी बोली दुसरीकडे ऐकायला मिळणार नाही. दुपार झाडाखाली काढायची आणि चारनंतर, पाणी उतरल्यावर, काशीदच्या पुळणीवर यायचं. तिथे चालायचं, पोहायचं नाही. किनारा लवकर खोल होतो आणि परतणारी लाट पाय ओढते.

दुसरा आणि तिसरा दिवस: फणसाड

काशीद सोडून दक्षिणेला निघालं की समुद्र उजव्या हाताला राहतो आणि सुपेगावसाठी डावीकडे आत वळावं लागतं. चढ फारसा नाही, पण वारा तुटतो. किनाऱ्यावर उकाडा जाणवत नव्हता, इथे सकाळी दहालाच घाम निथळतो. माणशी तीन लिटर पाणी घेऊनच आत जायचं. जंगलातलं पाणी प्राण्यांसाठी आहे.

मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांची ही राखीव शिकारीची जागा. 1986 साली तिचं अभयारण्य झालं. सुमारे 52 चौरस किलोमीटर, मुरूड आणि रोहा तालुक्यांत. समुद्रापासून इतक्या जवळ इतकं दाट जंगल कोकणात आता फारसं उरलेलं नाही, आणि ते राहिलं ते राखीव होतं म्हणूनच. पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात: फणसाड गाण, चिखल गाण. याच नावांनी वाट विचारायची. सुपेगावच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून, गावातला वाटाड्या घ्यायचा. वाटा एकमेकींत मिसळतात, म्हणून तो हवाच. पण खरा उपयोग वेगळा. शेकरूचं घरटं, सांबराची लोळण, बिबट्यानं झाडावर काढलेले ओरखडे तुम्हाला तो दाखवेपर्यंत दिसत नाहीत.

पहाटे सहाला आत शिरून नऊपर्यंत एका गाणाजवळ गप्प बसणं, हा इथला सर्वात चांगला कार्यक्रम. चालत राहिलं की फक्त वानरांची पळापळ दिसते. बसून राहिलं की आधी शेकरूची खडखडाटासारखी हाक येते, मग हळद्या, मग नवरंग पालापाचोळ्यातला. नशीब असेल तर भेकर पाण्यावर. पिसोरी इथे आहे, पण ते सशाएवढं हरीण रात्री फिरतं. त्याच्या आशेवर दिवस घालवू नका. झाडांत ऐन, किंजळ, जांभूळ आणि अंजनी भरपूर. फेब्रुवारीच्या शेवटी अंजनीला फांदीलगत निळ्या फुलांचे घोस लागायला सुरुवात होते, आणि त्या दोन-तीन आठवड्यांत ही वाट चालण्यासारखं सुख नाही. गारंबीची महावेल शोधा. मांडीएवढं खोड पीळ घालत झाडावर चढलेलं असतं आणि हातभर लांब लाकडी शेंगा लोंबत असतात. पडलेली बी खिशात घालायची नाही, अभयारण्यातून काहीच बाहेर न्यायचं नसतं.

गिधाडांसाठी मान वर ठेवा. पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात आणि ही वाट ज्या महिन्यांत चालायची त्याच महिन्यांत पिल्लं घरट्यात असतात. घरट्याच्या झाडाखाली थांबायचं नाही, ड्रोन तर अजिबात नाही. आई-बाप उडाले की पिल्लू उन्हात भाजतं. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एक घरटं उठलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. ज्यांना गिधाडांसाठी आणखी एक दिवस देता येईल त्यांनी पुढे दिवेआगरहून म्हसळ्याजवळच्या चिरगावला जावं. तिथल्या गावकऱ्यांनी गिधाडांची वस्ती राखली आहे.

या जंगलात गट अडतो तो वाघ-बिबट्यामुळे नाही, खाजकुहिलीमुळे. जानेवारीपासून तिच्या शेंगा वाळतात आणि मखमली कूस वाऱ्यानंही उडते. अंगाला लागली की चोळायचं नाही. चोळलं की केस आत शिरतात आणि खाज पसरते. चिकटपट्टी दाबून ओढायची, दोन-तीन वेळा, मग पाणी. आम्ही पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात रुंद चिकटपट्टीचं एक बंडल ठेवायला सांगतो, ते त्यासाठीच. दुसरा त्रास बारीक गोचिडांचा. पायजमा मोज्यात खोचा, संध्याकाळी काख, कंबर आणि गुडघ्यामागे तपासा, चिकटलेली गोचीड चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल किंवा तंबाखू लावत बसू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून दुपारनंतर नांदगावमार्गे मुरूडला उतरायचं. हा टप्पा रस्त्याचा आहे आणि सांगण्यासारखं त्यात फार काही नाही. पाय दुखत असतील तर एसटी पकडा, त्यात कमीपणा नाही.

चौथा दिवस: मुरूड ते दिवेआगर

प्रतिपदा. ओहोटी पावणेसात-सातच्या सुमाराला. मुरूडची पुळण उजाडताच चालून घ्यायची, मग राजपुरीच्या वळणावरून जंजिरा बघत आगरदांड्याच्या धक्क्यावर. किल्ल्यात जायचं असेल तर तो वेगळा अर्धा दिवस समजा. शिडाच्या होड्या माणसं भरल्याशिवाय सुटत नाहीत. आगरदांडा ते दिघी जंगल जेटी, म्हणजे माणसं आणि गाड्या नेणारी फेरीबोट, आहे. वेळापत्रक बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मुरूडमध्ये चौकशी करा आणि शेवटच्या फेरीवर कधीच विसंबू नका. फेरी चुकली तर राजपुरीच्या खाडीला वळसा घालून म्हसळ्यावरून यावं लागतं, आणि त्यात दिवस जातो.

दिघीहून दिवेआगरकडे येताना वेळास नावाचं गाव लागतं. आपल्याला जायचंय ते वेळास हे नव्हे. हे श्रीवर्धन तालुक्यातलं, कासवांचं प्रसिद्ध वेळास रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात. गाडी बोलावताना किंवा मुक्काम ठरवताना तालुका सांगितला नाही तर माणसं चुकीच्या गावी पोचतात. पैसे काढायचे किंवा औषधं घ्यायची असतील तर बोर्ली पंचतन गाठा, दिवेआगरात त्याचा भरवसा नाही.

पाचवा दिवस: दिवेआगर, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन

या वाटेवरचा सर्वात भरगच्च दिवस. सव्वासात-साडेसातला ओहोटी. सहाला, अंधूक उजेडात, पुळणीवर उतरायचं. पाण्याच्या कडेला सपाट, कडक वाळूवरून चाला. वरच्या उतारावरून चाललात तर एक पाय सतत खाली आणि एक वर राहतो, तासाभरात खालच्या पायाच्या बाजूचा गुडघा आणि कंबर बोलायला लागते. चार-पाच किलोमीटरच्या पुळणीवर परत फिरून भार बदलण्याची सोय नसते. गुडघाभर पाण्यातून जायची वेळ आली तर पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दबून बसलेल्या पाकटाला, शेपटीवर विषारी काटा असलेल्या चपट्या माशाला, चाहूल लागते आणि तो निघून जातो. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, त्या विषाचा जोर उष्णतेनं उतरतो, आणि मग दवाखाना.

सकाळी पहिल्यांदा पोचलात तर रात्रीचं सगळं वाळूवर लिहिलेलं सापडतं. बारीक गोळ्यांची रांगोळी म्हणजे वाळू चाळून खाणारे चिमुकले खेकडे. कोल्ह्याचे ठसे एका ओळीत, कुत्र्याचे विस्कटलेले. आणि कधी समुद्रातून वर गेलेली, दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा असलेली दोन-अडीच फूट रुंद पट्टी दिसली, तर ती ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीची वाट. वर गेलेली आणि परतलेली अशा दोन पट्ट्या असतात. मध्ये उकरलेली जागा असेल तिथे पाय न ठेवता गावातल्या कासवमित्राला (घरटी राखणाऱ्या गावकऱ्याला) किंवा वनरक्षकाला लगेच कळवायचं. खूण म्हणून काठी रोवू नका, ती अंड्यांत जाते.

पक्ष्यांसाठी दुर्बीण इथेच काढा. कुरवांचे मोठे थवे, मध्ये सुरय, पाण्याच्या रेषेवर तुतवार आणि चिखल्या. यातले बरेच उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि मार्चमध्ये परतीसाठी चरबी साठवत असतात. थव्यातून चालत जाऊन तो उडवणं म्हणजे त्यांनी खाल्लेलं जाळायला लावणं. पन्नास पावलांवरून वळसा घ्या. गटातलं एकही माणूस पुढे पळता कामा नये.

वर सुरूची बनं दिसतात, त्यांत उघडी खिंडारं. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर जमिनीवर आलं आणि सुरू, नारळ, सुपारी आडवी झाली. वाड्यांचं नुकसान इतकं होतं की रोठा सुपारीसाठी ओळखला जाणारा श्रीवर्धन-दिवेआगरचा भाग अजून त्या हिशेबातून बाहेर आलेला नाही. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न सुरू व्हायलाच पाच-सात वर्षं जातात. सुरूबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वारा अडवायला ते गावाच्या बाजूला ठीक, पण भरतीरेषेपर्यंत दाट लावलं की कासवाला अंडी घालायची मोकळी वाळू उरत नाही. वाळू धरून ठेवायचं काम मर्यादवेल, केवडा आणि उंडी शतकानुशतकं करत आली आहेत. मर्यादवेलीचे जांभळे घंटे बघा, पण वेलीवरून चालू नका. ती तुटली की त्याच जागेतून वारा वाळू उचलायला लागतो.

दिवेआगरची पुळण संपली की शेखाडी, कोंडिवली, आरावी असा समुद्रालगतचा रस्ता. नऊनंतर हा भाग तापतो आणि सावली नाही. शेखाडीला दुपारी दोन तास थांबून उन्हं कलल्यावर श्रीवर्धन.

सहावा दिवस: श्रीवर्धन ते हरिहरेश्वर

सकाळी आठच्या ओहोटीला श्रीवर्धनची पुळण, जीवना बंदरावर मासळीचा लिलाव, मग मारळमार्गे चाल. हरिहरेश्वरच्या देवळामागची, समुद्राच्या खडकावरून जाणारी प्रदक्षिणा आजच करू असा आग्रह गटात कुणीतरी धरतंच. धरू देऊ नका. पोचेपर्यंत दुपारची भरती असते.

सातवा दिवस: प्रदक्षिणा, बाणकोटची खाडी, वेळास

चतुर्थी, ओहोटी पावणेनऊच्या आसपास. देवळामागून डोंगराच्या फटीतल्या पायऱ्या उतरल्या की वाट थेट समुद्राच्या खडकावर येते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं कातळात मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. मऊ भाग आधी झिजतो, कडक भिंती मागे राहतात. सव्वासातला उतरायचं आणि पावणेदहाच्या आत बाहेर. पाणी फिरलं की आधी मागचा सखल भाग बुडतो, म्हणजे पुढे वाट मोकळी दिसत असताना परतीची बंद झालेली असते. इथे माणसं वाहून गेली आहेत. हिरवं शेवाळ घसरतं, काळा कोरडा खडक पाय धरतो, आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, त्यामुळे अनवाणी प्रदक्षिणेचा नवस असेल तर तो देवळाच्या आवारात फेडावा. डबक्यांतले समुद्रफुलं, शंखातले खेकडे बघताना उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूनं परत ठेवा. त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेलं सगळं उन्हात तासाभरात मरतं.

तिथून बागमांडला, सावित्रीच्या खाडीवरची जंगल जेटी, पलीकडे वेसवी. जिल्हा बदलतो. बाणकोटच्या किल्ल्यावर पाऊण तास द्या. खाडीचं मुख आणि ओलांडून आलेला हरिहरेश्वरचा डोंगर तिथून एका नजरेत येतो. उंच झाडावर काटक्यांचं खाटेएवढं घरटं दिसलं तर सागरी गरुडाचं. मग वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव, वाड्या-पाखाड्यांचं, पुळणीपासून थोडं आत. संध्याकाळी सहाला पिल्लं सोडतात, त्याआधी अर्धा तास पोचलात तर उबवणीची जागा नीट बघता येते.

2002 सालापर्यंत इथली अंडी खाल्ली किंवा विकली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं त्या वर्षी गावकऱ्यांबरोबर राखण सुरू केली, 2006 पासून कासव महोत्सव आला, आणि पाहुण्यांना घरात ठेवून मिळणारं उत्पन्न अंड्यांच्या उत्पन्नापेक्षा मोठं झालं. पद्धत अशी. मादी रात्री वाळूत साधारण दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते. कासवमित्र पहाटे गस्तीत ती काढून कुंपणातल्या तशाच आकाराच्या, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. उचलताना अंडं फिरवत नाहीत, कारण काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि फिरवलं तर मरतो. पुढे पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळू एकोणतीस-तीस अंशांच्या वर गेली की माद्या जास्त, खाली राहिली की नर जास्त. म्हणूनच उबवणीवर सावली किती द्यायची हा इथे रोजचा प्रश्न असतो.

आठवा दिवस: वेळासची सकाळ

सकाळी सातला पुन्हा. घरट्यावर उलटी घातलेली टोपली उचलतात. खाली पिल्लं असतील तरच कार्यक्रम. एखाद्या दिवशी तीस निघतात, एखाद्या दिवशी एकही नाही. कुठल्या घरट्याचे दिवस भरत आलेत ते निघायच्या आधी गावात फोन करून विचारा आणि शक्य असेल तर वेळासला दोन रात्री ठेवा, म्हणजे चार संधी मिळतात. दोरीच्या मागे उभं राहायचं. पिल्लाला हात नाही, फ्लॅश नाही, मोबाइलचा दिवाही नाही. ते उजेडाकडे जातं, आणि मोकळ्या किनाऱ्यावर उजेड समुद्राच्या बाजूनं असतो. मागून दिवा दिसला तर ते वळतं. पाण्यापर्यंत काही फूट अंतर त्याला स्वतः चालू देतात. कुणी अडखळलं, उलटं झालं तर उचलायचं काम फक्त कासवमित्राचं. माणसं पाण्यात उतरली तर पिल्लं पायाखाली येतात, म्हणून शेवटचं पिल्लू लाटेत गेल्यावर आणखी पंधरा मिनिटं कुणीही ओल्या वाळूवर जायचं नाही.

यातलीच एखादी मादी वाढून परत याच किनाऱ्यांकडे येते. जानेवारी 2022 मध्ये भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उपग्रह खूणपट्टी लावून सोडलेल्या पहिल्या ऑलिव्ह रिडले कासवाचं, प्रथमाचं, घरटं वेळासलाच होतं.

परतीसाठी वेळासहून मंडणगडला जाणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. सकाळच्या गाडीची वेळ आदल्या रात्री घरमालकाला विचारून ठेवा, कारण पिल्लं सोडून परत घरी येईपर्यंत ती कधीकधी निघून गेलेली असते. मंडणगडहून महाड आणि तिथून मुंबई-पुण्याच्या गाड्या मिळतात. सँडल गोड्या पाण्यात धुऊनच पिशवीत भरा.